सीटीएन, बीईएससी, फेरी: आफ्रिकेला माल पाठवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्हावा शेवा बंदरातून आफ्रिकेला जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. इचलकरंजीचे कापडवाले, कोल्हापूरचे पंप आणि इंजिनांचे कारखानदार, तारापूरचे औषधवाले, सांगलीचे हळद पाठवणारे, असे सगळे पहिल्यांदा बेनिनच्या कोटोनूला, कॅमेरूनच्या दुआलाला किंवा डेमोक्रॅटिक काँगोच्या मतादीला माल पाठवायचा म्हटलं की फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

सीटीएन म्हणजे नेमकं काय?

कार्गो ट्रॅकिंग नोट. माल ज्या देशात उतरणार आहे त्या देशाच्या सरकारी संस्थेकडून, जहाज तिथे पोचण्याआधी, ऑनलाइन घ्यायचा दाखला. माल कोणी पाठवला, कोणाला पाठवला, कोणत्या जहाजाने, किती कंटेनर, किती वजन, मालाची किंमत काय आणि जहाजाचं भाडं किती, हे सगळं त्यात येतं. दाखल्याला एक नंबर पडतो. हा नंबर नसेल तर तिकडच्या कस्टममध्ये तुमच्या गिऱ्हाइकाचा कागद पुढे सरकत नाही.

नावं मात्र देशागणिक बदलतात. इलेक्ट्रॉनिक झाल्यापासून काही ठिकाणी ईसीटीएन म्हणतात. फ्रेंच बोलणाऱ्या देशांत बीएससी किंवा बीईएससी, म्हणजे ‘बोर्दरो एलेक्त्रोनीक द स्विवी दे कार्गेझों’. गॅबनमध्ये बीआयईटीसी, किन्शासाच्या काँगोमध्ये फेरी. नावं कितीही असली तरी काम एकच आहे.

हा दाखला घेतला की माझा कंटेनर कुठे आहे ते कळेल ना?

नाही. नावात ट्रॅकिंग असल्यामुळे हा गैरसमज होतो. कंटेनर कुठे पोचला हे शिपिंग लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, वेबसाइटवर बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) किंवा कंटेनर नंबर टाकून बघायचं. सीटीएनमध्ये ना जीपीएस असतं ना कुठलं सील. त्या देशाला माल येण्याआधीच त्याची किंमत, वजन आणि भाडं कळावं एवढ्यासाठी तो असतो.

मग त्या देशांना हे हवं कशाला? बीएल आणि इन्व्हॉइस पुरत नाही का?

याचं उत्तर समजलं की दाखल्यातले रकाने असे का आहेत तेही समजतं, म्हणून थोडं मागे जातो.

1960 च्या आसपास आफ्रिकेतले बरेच देश स्वतंत्र झाले, पण त्यांचा माल वाहणारी जहाजं युरोपातल्या कंपन्यांचीच राहिली. भाडं किती लावायचं हे त्या कंपन्या आपापसात ठरवत आणि देशाला आपण भाड्यापोटी किती परकीय चलन बाहेर घालवतो याचा पत्ताही नसे. 1974 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली लाइनर कॉन्फरन्सबद्दलची, म्हणजे भाडं एकत्र ठरवणाऱ्या जहाज कंपन्यांच्या गटांबद्दलची, आचारसंहिता ठरली. तिच्यातली 40-40-20 ची वाटणी जहाजधंद्यातल्या जुन्या लोकांना अजून आठवते: दोन देशांमधल्या मालापैकी 40 टक्के एका देशाच्या जहाजांनी न्यायचा, 40 टक्के दुसऱ्याच्या, उरलेला 20 टक्के तिसऱ्या कोणी. पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या देशांच्या मंत्र्यांनी आबिदजानला एकत्र येऊन सागरी वाहतुकीसाठी कायमची परिषद स्थापन केली.

ही वाटणी करायची तर कोणत्या जहाजातून किती माल आला आणि त्याचं भाडं किती होतं, याची नोंद हवी. त्यासाठी देशोदेशी शिपर्स कौन्सिल, म्हणजे मालाची आणि भाड्याची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्था, उभ्या राहिल्या. घानाची 1974 ची, कॅमेरूनची 1975 ची. झैरमध्ये, म्हणजे आजच्या डेमोक्रॅटिक काँगोमध्ये, 1980 साली अशीच संस्था ओजेफ्रेम या नावाने स्थापन झाली. वाटणीची पद्धत पुढे मोडीत निघाली, जहाजधंदा खुला झाला, पण नोंद ठेवणाऱ्या संस्था आणि त्यांचा दाखला टिकून राहिला. आता त्याचा उपयोग तीन गोष्टींसाठी होतो: आयातीची आकडेवारी ठेवणं, किंमत कमी दाखवून जकात चुकवणाऱ्यांना पकडणं आणि कौन्सिलला उत्पन्न मिळणं. तिसरं कारण उघडपणे कोणी सांगत नाही, पण तिथले व्यापारी याच मुद्द्यावर चिडतात. घानामध्ये 2018 ला ही पद्धत आणायचं ठरलं तेव्हा व्यापारी संघटनांनी जोराचा विरोध केला आणि सरकारला ती थांबवावी लागली होती.

म्हणूनच दाखल्यात भाड्याचा रकाना इतका महत्त्वाचा आहे. आपल्याला तो उगाच विचारलेला वाटतो. तिकडच्या कौन्सिलचा जन्मच मुळी त्या रकान्यासाठी झालेला आहे.

कोणकोणत्या देशांना लागतं?

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा नकाशा समोर ठेवा. दाखला देणाऱ्या संस्था अशा: सेनेगलसाठी कोसेक, कोत दिव्वारसाठी ओआयसी, बेनिनसाठी सीएनसीबी, टोगोसाठी सीएनसीटी, कॅमेरूनसाठी सीएनसीसी, गॅबनसाठी त्यांची शिपर्स कौन्सिल, प्वाँत-न्वारच्या काँगोसाठी सीसीसी, किन्शासाच्या काँगोसाठी ओजेफ्रेम. गिनी, गिनी-बिसाऊ आणि इक्वेटोरियल गिनी यांचेही दाखले आहेत. समुद्र नसलेल्या माली, बुर्किना फासो, नायजर, चाड आणि मध्य आफ्रिकन प्रजासत्ताक यांच्याही आपापल्या संस्था आहेत. आफ्रिकेच्या दुसऱ्या बाजूला मादागास्करला बीएससी लागतं.

केनिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका इथे माल जाऊन तिथेच राहणार असेल तर सीटीएनचा प्रश्न येत नाही. त्यांचे कागद वेगळे आहेत, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

एक काळजी मात्र घ्या. हे नियम बदलतात. एखादा देश दाखला स्थगित करतो, दोन वर्षांनी नव्या नावाने परत आणतो. नायजेरियाने 2011 मध्ये तो बंद केला आणि त्यानंतर तो पुन्हा आणण्याची चर्चा वारंवार होत राहिली. म्हणून मागच्या वर्षीच्या फाइलवर विसंबू नका. दर शिपमेंटला गिऱ्हाइकाकडून ईमेलवर लिहून घ्या: आमच्या देशाला लागतं, या नावाचं लागतं, या एजंटकडून काढा.

‘काँगोला माल आहे’ म्हटलं की तुम्ही लगेच ‘कोणतं काँगो?’ असं का विचारता?

कारण मी स्वतः हा फटका खाल्ला आहे. सुरुवातीच्या काळात एका पार्टीची प्लास्टिकच्या सामानाची शिपमेंट होती. डिस्चार्ज पोर्ट प्वाँत-न्वार. प्वाँत-न्वार हे ब्राझाव्हिलच्या काँगोचं बंदर, म्हणून मी त्या काँगोचं बीईएससी काढलं. माल किन्शासाचा होता आणि प्वाँत-न्वारला फक्त उतरून पुढे जाणार होता. फेरी काढलेलीच नव्हती. ते निस्तरायला जे दिवस गेले त्यांचं डेमरेज, म्हणजे कंटेनर बंदरात अडकल्याचा रोजचा आकार, त्या पार्टीने भरलं आणि त्यानंतर माझ्याकडे कधी माल दिला नाही. चूक माझी होती. बीएलवरचं ‘फायनल डेस्टिनेशन’ मी वाचलं नव्हतं.

ब्राझाव्हिल आणि किन्शासा या दोन राजधान्या काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, पण देश दोन आहेत आणि दाखलेही दोन. तसंच गिनी तीन: कोनाक्रीची, बिसाऊची आणि मलाबोची. नायजर आणि नायजेरिया यांची गल्लत तर रोज होते. चलान भरण्याआधी राजधानीचं नाव विचारून घ्या, देशाचं नाव ऐकून थांबू नका.

आपल्या कस्टमला हा दाखला दाखवावा लागतो का?

नाही, आणि खरा धोका इथेच आहे. आइसगेटवर, म्हणजे आपल्या कस्टमच्या पोर्टलवर, शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा कागद) भरताना कोणी सीटीएन विचारत नाही. एलईओ, म्हणजे माल बाहेर पाठवायची कस्टमची परवानगी, त्याच्याशिवाय मिळतो. सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात) कंटेनर भरला जातो, बंदराच्या फाटकातून आत जातो, जहाजावर चढतो. न्हावा शेव्यात तुम्हाला अडवणारं कोणीही नाही. काही शिपिंग लाइन बीएल देण्याआधी नंबर मागतात, बऱ्याच मागत नाहीत. इकडे सगळं सुरळीत पार पडलं म्हणून निर्यातदार निश्चिंत होतो आणि अडचण थेट दुआलाच्या धक्क्यावर उभी राहते. तोपर्यंत आपल्या हातात काही उरलेलं नसतं.

काढायचं कोणी आणि पैसे कोणी द्यायचे?

इन्कोटर्म्समध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय विक्रीत कोणाचं काम आणि खर्च काय हे सांगणाऱ्या नियमांत, सीटीएन असा शब्द कुठेही नाही. पण एफओबी (भाडं खरेदीदाराचं), सीएफआर (भाडं विकणाऱ्याचं) किंवा सीआयएफने (भाडं आणि विमा विकणाऱ्याचा) विकलं असेल तर आयातीच्या परवानग्या हे खरेदीदाराचं काम आहे, आणि त्याने मागितलं तर त्याच्या खर्चाने कागद मिळवून द्यायला मदत करणं हे विकणाऱ्याचं. सीटीएन ही तिकडच्या देशाची मागणी आहे, म्हणजे खर्च खरेदीदाराचा. नियम असं सांगतो.

व्यवहार वेगळा असतो. दाखला काढायला लागणारी सगळी माहिती आपल्याकडे असते आणि अर्ज बऱ्याचदा माल चढतो त्या देशातल्या एजंटमार्फतच करावा लागतो. त्यामुळे काम इकडेच येऊन पडतं. माझा सल्ला सरळ आहे: प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्येच, म्हणजे सौद्याआधीच्या कच्च्या बिलातच, एक ओळ लिहा की सीटीएन कोण काढणार आणि त्याचा खर्च दरात धरला आहे की वेगळा. ती ओळ नसली की जहाज सुटल्यावर दोन्ही बाजू एकमेकांकडे बघत बसतात. ‘आमचं गिऱ्हाईक बघून घेईल’ हे तोंडी वाक्य मी बेलापूरच्या ऑफिसात बसून असंख्य वेळा ऐकलं आहे. गिऱ्हाईक तिकडे हेच म्हणत असतं.

कोणती कागदपत्रं लागतात?

ड्राफ्ट बीएल, कमर्शियल इन्व्हॉइस, भाड्याचं बिल आणि शिपिंग बिल, एवढं जवळजवळ सगळीकडे लागतं. पॅकिंग लिस्ट बरेच जण मागतात, विम्याचा कागद काही जण. आयातदाराचा तिथला कर क्रमांक किंवा आयात परवान्याचा नंबर लागतो. तो आधीच मागून ठेवा, कारण ऐन वेळी गिऱ्हाईक फोन उचलत नाही. वाळूजहून मोटारसायकली जातात तशी वाहनं असतील तर चॅसी नंबरांची यादी द्यावी लागते.

एजंट ही माहिती कौन्सिलच्या ऑनलाइन प्रणालीत भरतो आणि तुम्हाला ड्राफ्ट पाठवतो. तुम्ही तपासून होकार द्यायचा, शुल्क भरायचं, मग दाखला व्हॅलिडेट होऊन नंबर मिळतो. काही देशांत आधी ड्राफ्ट बीएलवर नंबर देतात आणि ओरिजिनल बीएल आल्यावर तो अपलोड करून काम पुरं करायचं असतं. हे दुसरं पाऊल लोक हमखास विसरतात. नंबर हातात आला म्हणजे झालं असं वाटतं, पण प्रणालीत तो अर्धवटच दिसत राहतो.

कधी अर्ज करायचा?

शिपिंग बिल झालं आणि लाइनने ड्राफ्ट बीएल दिलं की त्याच दिवशी. बऱ्याच देशांची मुदत जहाज पोचण्याच्या काही दिवस आधीपर्यंत असते, त्यामुळे कागदावर भरपूर वेळ दिसतो. तरीही थांबू नका. नंबर बीएलवर आणि मॅनिफेस्टमध्ये (जहाजावरच्या मालाच्या यादीत) छापायचा असेल तर बीएल फायनल होण्याआधीच तो हवा. नागपूरच्या कंटेनर डेपोतून माल भरणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावं. डेपोत शिपिंग बिल झाल्यावर रेल्वेने कंटेनर बंदरात येईपर्यंतचे दिवस मोकळे असतात, ते या कामात वापरा. शुक्रवारी दुपारनंतर अर्ज टाकून सोमवारी नंबर मिळेल अशी आशा धरू नका. तिकडे फ्रेंच पद्धतीच्या सुट्ट्या आहेत, शिवाय ईद आणि नाताळही.

खर्च किती येतो?

एक आकडा सांगता येत नाही. कुठे बीएलमागे, कुठे 20 फुटी आणि 40 फुटी कंटेनरमागे, सुट्या मालाला टनावर, वाहनांना नगावर शुल्क असतं. काही देश युरोपातून येणाऱ्या मालाला एक दर आणि आशियातून येणाऱ्याला दुसरा लावतात. या भागातले 14 देश सीएफए फ्रँक वापरतात आणि तो युरोशी 655.957 या ठरीव दराने बांधलेला आहे, म्हणून कोटेशन बहुधा युरोत येतं. एजंटचं कमिशन आणि बँकेचा खर्च त्यावर. कोटेशन मागताना उशीर झाल्यास आणि दुरुस्ती करायची झाल्यास किती, हे दोन आकडेही मागा. पहिला आकडा स्वस्त दाखवून दुरुस्तीत वसूल करणारे एजंट आहेत.

चुका कुठे होतात?

सगळ्यात जास्त वजनात. 1 जुलै 2016 पासून प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं व्हीजीएम, म्हणजे पडताळलेलं एकूण वजन, द्यावं लागतं. व्हीजीएममध्ये रिकाम्या कंटेनरचं वजन धरलेलं असतं, बीएलवरच्या ग्रॉस वेटमध्ये ते नसतं. ऑपरेटर घाईत व्हीजीएमचा आकडा सीटीएनमध्ये टाकतो आणि बीएलशी दोन-अडीच टनांचा, 40 फुटीला त्याहूनही जास्त फरक पडतो. तिकडच्या अधिकाऱ्याला तो लपवलेला माल वाटतो.

दुसरी चूक भाड्यात. सीएफआरने विकताना इन्व्हॉइसमध्ये एकच रक्कम असते, पण दाखल्यात मालाची किंमत वेगळी आणि भाडं वेगळं दाखवावं लागतं. लाइनचं बिल मुंबईत रुपयांत मिळालेलं असतं आणि दाखला डॉलर किंवा युरोत हवा असतो. कुठल्या तारखेचा दर धरला ते फाइलमध्ये लिहून ठेवा. भाडं कमी दाखवून गिऱ्हाइकाची जकात वाचवण्याची विनंती कधीकधी येते. ती मानू नका. भाड्याचे बाजारभाव कौन्सिलला पाठ असतात, ते पकडतात, आणि पुढच्या प्रत्येक शिपमेंटची फाइल उलटीपालटी करून बघतात.

मग एचएस कोड, म्हणजे जकातीसाठी मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक. भारतात आठ आकडी, पण सगळ्या जगात सारखे असतात ते पहिले सहाच. आपले शेवटचे दोन आकडे तिकडच्या कोडशी जुळतीलच असं नाही, म्हणून सहा आकड्यांवर गिऱ्हाइकाशी आधी एकमत करून घ्या. मालाचं वर्णन इन्व्हॉइस, बीएल आणि सीटीएन तिन्हीकडे अक्षरशः तेच ठेवा. एकीकडे ‘सबमर्सिबल पंपसेट’ आणि दुसरीकडे ‘कृषी यंत्रसामग्री’ असं चालत नाही.

आणि जहाजाचं नाव. न्हावा शेव्याहून निघालेलं जहाज थेट कोटोनूला जाईलच असं नसतं. माल वाटेत दुसऱ्या बंदरात उतरून दुसऱ्या जहाजावर चढतो. कंटेनर रोलओव्हर झाला, म्हणजे पुढच्या जहाजावर ढकलला गेला, की त्याच दिवशी एजंटला कळवा.

आमचा माल दुबईच्या व्यापाऱ्यामार्फत विकला जातो. सीटीएन आमच्या नावाने काढायचं का?

घाई करू नका. दुबईची पार्टी बऱ्याचदा बीएल स्विच करते, म्हणजे तुमचं बीएल परत घेऊन तिच्या नावाने नवं बनवते, कारण तिची खरेदीची किंमत शेवटच्या गिऱ्हाइकाला कळू द्यायची नसते. सीटीएन जुळायला हवं ते माल सोडवताना वापरल्या जाणाऱ्या बीएलशी आणि त्या इन्व्हॉइसशी. तुम्ही तुमच्या इन्व्हॉइसवर काढून ठेवलं तर किंमत वेगळी, शिपर वेगळा, बीएल नंबर वेगळा, आणि दाखला फुकट जातो. अशा सौद्यात सीटीएन दुबईच्या पार्टीनेच काढावं आणि तसं तिच्याकडून लेखी घ्यावं.

माल बुर्किना फासोचा, पण उतरणार लोमेला. दाखला टोगोचा की बुर्किनाचा?

बुर्किनाचा. माल जिथे वापरला जाणार त्या देशाचा दाखला हा साधा नियम धरा. चाडचा माल दुआलाला उतरला तरी दाखला चाडचा, मालीचा माल डकार किंवा आबिदजानला उतरला तरी मालीचा. काही वाटांवर बंदराचा देशही ट्रान्झिटची स्वतंत्र नोंद मागतो, म्हणून क्लिअरिंग एजंटला हा प्रश्न दोनदा विचारा. बीएलवर ‘इन ट्रान्झिट टू’ लिहून पुढे शहराचं नाव आहे ना, हेही बघा. ती ओळ नसेल तर बंदराचा देश तो माल स्वतःचाच समजतो.

डेमोक्रॅटिक काँगोच्या दक्षिण भागात, लुबुंबाशीकडे, माल दार-एस-सलाम, डर्बन, बैरा किंवा वॉल्विस बे इथे उतरून ट्रकने कासुंबालेसाच्या सीमेवर जातो. टांझानियाला सीटीएन लागत नाही म्हणून निर्धास्त राहिलेले निर्यातदार इथे फसतात. बंदर टांझानियाचं असलं तरी माल काँगोचा आहे, आणि ओजेफ्रेमचा कागद हवाच. जमिनीवरून येणाऱ्या मालासाठी त्याला एडी म्हणतात.

एडी म्हणजे बँकेतून घेतलेला एडी कोडच ना?

अजिबात नाही. तुमच्या बँकेचा एडी कोड हा ऑथोराइज्ड डीलरचा, तो शिपिंग बिलासाठी आइसगेटवर नोंदवलेला असतो. काँगोचं एडी म्हणजे ‘आतेस्तास्यों द देस्तिनास्यों’, माल कुठे जाणार याचा दाखला. एका निर्यातदाराने काँगोच्या गिऱ्हाइकाला आपल्या बँकेचं पत्र पाठवून दिलं होतं आणि दोन आठवडे दोघेही समोरच्याने काम केलं असं समजत होते. असंच पॅकिंग लिस्टमधल्या सीटीएनचं: तिथे त्याचा अर्थ कार्टन, खोकी. गिऱ्हाइकाने ‘सीटीएन पाठवा’ म्हटल्यावर खोक्यांची संख्या कळवणारेही भेटले आहेत. फोनवर पूर्ण नाव उच्चारा.

सीओसी काढलंय. आता सीटीएनची गरज नाही ना?

दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. सीओसी हे मालाच्या गुणवत्तेचं प्रमाणपत्र: तपासणी कंपनी माल बघते, चाचण्यांचे अहवाल बघते आणि तो त्या देशाच्या मानकांत बसतो असं सांगते. केनियाला ते लागतं, नायजेरियात सोनकॅप नावाने लागतं. कॅमेरूनला पेकाए कार्यक्रमाखाली सीओसी आणि वर बीईएससी, असे दोन्ही लागतात. गॅबनमध्येही तसंच, तिथल्या कार्यक्रमाचं नाव प्रोजेक. सीओसीला वेळ जास्त लागतो, कारण त्यात माल प्रत्यक्ष बघायचा असतो. म्हणून कंटेनर बंद करण्याआधी ते, आणि बंद केल्यावर सीटीएन.

इजिप्तला सीटीएन लागतं का?

नाही. तिथे एसिड, म्हणजे मालाच्या आगाऊ नोंदणीचा, नंबर लागतो. त्याची पद्धत वेगळी आहे. सुरुवात आयातदार करतो: तो नाफेझा या सरकारी प्रणालीत सौद्याची माहिती भरतो आणि त्याला 19 आकडी नंबर मिळतो. तो नंबर तुम्ही इन्व्हॉइस आणि बीएलवर घालायचा, आयातदाराच्या कर क्रमांकासह आणि तुमच्या नोंदणी क्रमांकासह. कागद तुम्ही कार्गोएक्स या प्लॅटफॉर्मवरून पाठवायचे, त्यासाठी एकदा नोंदणी करावी लागते. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाला हे 1 ऑक्टोबर 2021 पासून सक्तीचं आहे. सीटीएन माल चढल्यावरही काढता येतं, एसिड मात्र माल निघण्याआधीच हातात हवा. त्याशिवाय कंटेनर कारखान्यातून हलवू नका.

विमानाने औषधं पाठवतोय, तरी लागेल?

देशावर आहे. डेमोक्रॅटिक काँगोला हवाई मालासाठीही फेरी लागते. विमान एका दिवसात पोचतं, त्यामुळे माल विमानतळावर नेण्याआधीच ड्राफ्ट तयार ठेवा.

एलसीमध्ये बीईएससीची प्रत मागितली आहे. काय बघायचं?

एलसीच्या, म्हणजे बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटच्या, 46ए रकान्यात (लागणाऱ्या कागदांच्या यादीत) तो कागद लिहिला असेल तर तो बँकेत द्यावाच लागेल आणि दिला नाही तर डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदांतली त्रुटी, निघेल. यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, एलसीत वेगळं काही लिहिलं नसेल तर ओरिजिनल ट्रान्सपोर्ट डॉक्युमेंट असलेले कागद शिपमेंटपासून 21 दिवसांत बँकेत पोचायला हवेत. ओरिजिनल बीएल अपलोड केल्यावरच अंतिम दाखला देणारा देश असेल तर हे 21 दिवस भराभर संपतात. एलसी आल्याबरोबर वाचा आणि गरज असेल तर माल निघण्याआधी दुरुस्ती मागा. दाखला गिऱ्हाईक काढणार असेल तर तो एलसीच्या यादीतून काढूनच टाकायला सांगा. जो कागद दुसऱ्याच्या हातात आहे त्यावर आपले पैसे अडकवू नयेत.

ड्राफ्ट फ्रेंचमध्ये येतो. तपासायचा कसा?

एवढे शब्द टेबलावर चिकटवून ठेवा. ‘शार्जर’ म्हणजे माल पाठवणारा, तुम्ही. ‘देस्तिनातेर’ म्हणजे माल घेणारा. ‘नाव्हीर’ म्हणजे जहाज. ‘पोर दांबार्कमां’ माल चढतो ते बंदर, ‘पोर द देबार्कमां’ उतरतो ते. ‘प्वा ब्रुत’ म्हणजे ग्रॉस वेट. ‘कोली’ म्हणजे नग. ‘फ्रे’ म्हणजे भाडं, ‘व्हालर’ म्हणजे किंमत.

आकडे वाचताना जपा. फ्रेंच पद्धतीत दशांशाच्या जागी स्वल्पविराम येतो आणि हजारानंतर नुसती मोकळी जागा. 24,500 असं दिसलं तर तो साडेचोवीसचा आकडा असू शकतो, साडेचोवीस हजारांचा असेलच असं नाही. समोरच्या रकान्यात एकक कोणतं लिहिलं आहे ते बघूनच होकार द्या.

एक एजंट निम्म्या दरात देतो म्हणतो. घ्यावं का?

आधी त्याला विचारा, त्या देशाच्या कौन्सिलने त्याला अधिकार दिला आहे का. कौन्सिल आपापले प्रतिनिधी नेमतात आणि बाकीचे एजंट त्यांच्याकडूनच काढून देतात. दर थोडा कमीजास्त असणं समजू शकतं, निम्मा असणं नाही. बनावट पीडीएफ बनवणं सोपं आहे, नंबर खरा असणं अवघड. दाखला मिळाला की त्यावरचा नंबर किंवा क्यूआर कोड कौन्सिलच्या वेबसाइटवर स्वतः तपासा आणि गिऱ्हाइकाच्या क्लिअरिंग एजंटलाही तिकडे तपासायला सांगा. पैसे देण्याआधी ड्राफ्ट मागा. खरा एजंट तो देतोच.

जहाज गेलं. सीटीएन काढलंच नाही. आता?

जहाज अजून समुद्रात असेल तर बहुतेक देशांत वेळ गेलेली नाही. आत्ता, याच मिनिटाला, बीएलची प्रत, इन्व्हॉइस, भाड्याचं बिल आणि शिपिंग बिल एका ईमेलमध्ये घालून एजंटला पाठवा आणि विषयात जहाजाचं नाव आणि पोचण्याची तारीख लिहा. लाइनला कळवा की नंबर आल्यावर मॅनिफेस्टमध्ये दुरुस्ती लागेल.

जहाज पोचलं असेल तर काही देश दंड घेऊन उशिराचा दाखला देतात, काही ठिकाणी तो फक्त तिथल्या कौन्सिलच्या कार्यालयात आयातदारालाच काढता येतो. दंड दाखल्याच्या मूळ शुल्काच्या कितीतरी पट असतो. त्यातही खरा भार डेमरेज आणि डिटेन्शनचा (कंटेनर उशिरा परत केल्याच्या आकाराचा): फ्री डेज, म्हणजे बिनआकाराचे दिवस, संपले की मीटर रोज फिरतो आणि लाइन पैसे तुमच्याकडेही मागू शकते, कारण बीएलवर शिपर म्हणून नाव तुमचं आहे. त्यामुळे दंड कोणी भरायचा यावर गिऱ्हाइकाशी वाद घालत दिवस काढू नका. आधी दंड भरून कंटेनर सोडवा, पावत्या जपून ठेवा, आणि हिशेब पुढच्या इन्व्हॉइसमध्ये करा.